कार्ड अडलं की दंड कोणाला?

नमस्कार. गेली अनेक वर्षं मी अमेरिकेत पैसे घेणाऱ्या यंत्रांच्या सॉफ्टवेअरचं काम करतोय. पण पार्किंग मीटरचा, म्हणजे रस्त्याकडेला गाडी लावण्याचे पैसे घेणाऱ्या यंत्राचा, विचार मी खऱ्या अर्थाने करायला लागलो तो मावशीमुळे.

मावशीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. जानेवारीतली सकाळ, रस्त्याकडेला बर्फ. तिला गाडीत बसवून मी मीटरपाशी गेलो, हातमोजे काढून कार्ड आत सरकवलं. पडद्यावर ‘थांबा’ आलं. बराच वेळ तेच. मग ‘कार्ड बाहेर काढा’. दुसरं कार्ड घातलं, पुन्हा तेच. खिशात चिल्लर नव्हती. पुढच्या चौकातल्या यंत्राकडे गेलो, तिथे पैसे घेतले गेले. चिठ्ठी हातात घेऊन परत येतो तर वायपरखाली दंडाची पावती! मावशी काचेआडून दंड लावणाऱ्या माणसाला हात जोडून सांगत होती, पण तिचं मराठी त्याला कसं कळणार?

पहिलं पार्किंग मीटर १६ जुलै १९३५ रोजी ओक्लाहोमा सिटीत बसलं. कार्ल मॅगी हे पेशाने पत्रकार. बाजारपेठेत कामाला येणारी माणसं सकाळी गाडी लावत आणि संध्याकाळी काढत, त्यामुळे गिऱ्हाइकांना जागाच मिळत नसे. त्यावर त्यांनी काढलेला हा तोडगा: तासाला पाच सेंट. त्या मीटरमध्ये नाणं टाकायचं, काटा फिरायचा. व्यवहार तुमचा आणि त्या खांबाचा. बिघडलं तरी बिघाड तिथेच दिसायचा.

आजच्या यंत्राचं तसं नाही. वर छोटं सौर पॅनेल, पोटात बॅटरी, आणि मोबाईलमध्ये असतो तसा मोडेम. तुम्ही कार्ड लावलंत की निरोप आधी मोबाईल कंपनीच्या टॉवरवर, तिथून पैशांची देवघेव सांभाळणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, मग कार्डाच्या जाळ्यातून तुमच्या बँकेत जातो, आणि तसाच उलट्या वाटेने परत येतो. दीड-दोन डॉलरसाठी एवढा प्रवास! त्यात प्रत्येक व्यवहारामागे एक ठरावीक शुल्क कापलं जातं, म्हणून कित्येक ठिकाणी कार्डाने किमान अमुक रक्कम भरा अशी अट असते. यातला एक दुवा जरी निसटला तरी पडद्यावर तेच ‘थांबा’. दुवा कुठला निसटला, हे रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला कळायला काही मार्ग नसतो.

कार्डाची सोय खरी आहे, हे मी मनापासून मानतो. चिल्लर शोधत दुकानं पालथी घालावी लागत नाहीत, पालिकेचा नाणी गोळा करण्याचा आणि मोजण्याचा खर्च वाचतो. सॅन फ्रान्सिस्कोने २०११ पासून गर्दीनुसार दर कमी-जास्त करण्याचा प्रयोग केला. दर बदलले तरी मूठभर नाणी मोजावी लागत नाहीत, हे अशा प्रयोगाला फार सोयीचं.

पण १ जानेवारी २०२० ला न्यूयॉर्कमध्ये काय झालं पाहा. शहरभरच्या सुमारे १४,००० मीटरांनी कार्ड घेणं बंद केलं. फसवणूक रोखण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये एक सेटिंग होती आणि तिची मुदत त्याच दिवशी संपत होती. ती वेळेत कोणी वाढवली नाही. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे वाचून लाज वाटते, कारण ही चूक कॅलेंडर बघून टाळता येते. ते दुरुस्त करायला माणसांना यंत्रायंत्रापाशी जावं लागलं. नाणी आणि फोनवरून पैसे भरायचं ॲप चालू होतं म्हणून शहर निभावलं. म्हणूनच नाण्याची खाच बुजवून टाकण्याची भाषा कोणी केली की मी हटकून विरोध करतो.

फोनवरून पैसे भरण्याचाही एक धोका सांगतो. २०२२ च्या सुरुवातीला टेक्सासच्या ऑस्टिन शहरात दोन डझनांहून जास्त पार्किंग यंत्रांवर भामट्यांनी क्यूआर कोडचे स्टिकर चिकटवलेले सापडले. स्कॅन केलं की पैसे भरायचं खोटं पान. आपल्याकडे चहाच्या टपरीपासून सगळीकडे क्यूआर आहे, तेव्हा हे नीट ध्यानात ठेवा: पार्किंगचे पैसे भरताना रस्त्यावरचा कोड स्कॅन करू नका, अधिकृत ॲप स्वतः उघडा.

आणि यंत्र अडलं तर? माझं आग्रहाचं मागणं असं, की मीटरने कार्ड नाकारलं तर त्याची नोंद यंत्रातच राहावी, आणि दंड लावणाऱ्याच्या हातातल्या उपकरणावर ती दिसावी. तांत्रिकदृष्ट्या यात अवघड काही नाही, मी स्वतः अशा नोंदी लिहिणारं सॉफ्टवेअर केलंय. तोवर तुम्ही फोटो काढा, यंत्राचा क्रमांक आणि पडद्यावरचा मजकूर दोन्ही दिसतील असा. मी त्या दिवशी काढला नव्हता. दुसऱ्या यंत्राच्या चिठ्ठीवरची वेळ दंडाच्या पावतीनंतर चार मिनिटांची होती, त्यामुळे दंड रद्द करण्याचा माझा अर्ज फेटाळला गेला. पैसे माझेच गेले, पण मावशी अजून म्हणते, मी त्याला नीट सांगू शकले नाही रे.