पडलेल्या दाताचे शेजारी

नमस्कार मंडळी. आधी एक काम करा, जीभ तोंडात सगळीकडे एकदा फिरवा, वर, खाली, अगदी मागच्या दाढेपर्यंत, आणि कुठे रिकामी जागा लागते का बघा. बऱ्याच जणांना लागली असणार, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची ती खालची पहिली मोठी दाढ असणार. ही दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास येते, घरच्यांना वाटतं दुधाचीच आहे, किडली तरी पडेल आणि नवी येईल, पण ती कायमची असते, ती गेली की गेली.

आता ही जागा भरायची कशी, ब्रिज करू, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेला दातांचा पूल, का इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, हे मला, दातांच्या डॉक्टरला, रोज कोणीतरी विचारतं आणि बहुतेक जण खर्चापासून सुरुवात करतात. खर्चाचं सांगते, पण त्याआधी माझ्या आईचं सांगते. मी बारावीत असताना तिची डावी खालची दाढ काढली आणि तिथे ब्रिज बसवला. पुढचा दात आणि मागची दाढ दोन्ही ठणठणीत होते, किडीचा ठिपकासुद्धा नव्हता, ते दोन्ही घासून बारीक केले आणि वर तीन दातांचा जोडलेला पूल बसवला. तेव्हा आमच्या गावात इम्प्लांट करणारं कोणी नव्हतं, त्यामुळे डॉक्टरांनी जे हातात होतं ते केलं. मागच्या दाढेचं दोन वर्षांनी रूट कॅनल करावं लागलं, म्हणजे आतली नस काढून टाकावी लागली. मग ब्रिज बसवल्याच्या अकराव्या वर्षी एकदा भाकरी खाताना पूल हातात आला आणि त्याच्या आत ती मागची दाढ हिरडीपाशी तुटून अडकलेली होती. कॅपच्या कडेखालून कीड आत शिरली होती आणि नस आधीच काढलेली असल्यामुळे तिला एक दिवस कळ आली नाही. एका दाताची जागा भरायला गेलो होतो, ती दोनाची झाली. मी तेव्हा डेंटिस्ट झालेले होते, आणि तरी आईच्या तोंडात आरसा घालून ती कड मी कधी नीट बघितली नव्हती, हे मला आजही टोचतं.

तेव्हापासून मी रिकामी जागा नंतर बघते, शेजारचे दोन दात आधी बघते.

ब्रिजमध्ये होतं काय तर शेजारच्या दातांवर कॅप बसायला जागा पाहिजे, म्हणून ते चहूबाजूंनी साधारण १ ते दीड मिलिमीटर आणि वरून दीड ते २ मिलिमीटर घासतात. ऐकायला थोडं वाटतं, पण दाताचं वरचं कडक आवरणच मुळात तेवढं असतं, आणि घासलेला दात पुन्हा उगवत नाही. शिवाय मधल्या खोट्या दाढेवर पडणारा जोर पण त्याच दोघांनी झेलायचा. म्हणजे शेजारचे दात कोरे असतील तर त्यांना हात लावायच्या आधी दहादा विचार करा, मी तरी इम्प्लांट सुचवते.

पण आता उलटं ऐका, कारण हल्ली इम्प्लांट म्हणजेच भारी आणि ब्रिज म्हणजे जुनाट असं लोकांच्या मनात बसलंय, ते खरं नाही. गेल्या वर्षी एक शिक्षक आले, इम्प्लांटच पाहिजे म्हणाले, पैशाची तयारी होती. एक्स-रे काढला तर पुढच्या दाताचं रूट कॅनल झालेलं, मागच्या दाढेत अर्धा दात चांदीने भरलेला, दोघांनाही आज ना उद्या कॅप लागणारच होती. मग मध्ये वेगळा स्क्रू कशाला घालायचा? त्यांना मी ब्रिज केला, तीन भेटीत काम झालं, ऑपरेशन नाही की महिनोन्‌महिने वाट बघणं नाही. मोठे अभ्यास एकत्र करून बघितले तर १० वर्षांनी साधारण ९० टक्के ब्रिज तोंडात असतात आणि एका दाताच्या इम्प्लांटवरची कॅपसुद्धा जवळपास तेवढीच टिकते. टिकण्यात फार फरक नाही, फरक आहे तो बिघडल्यावर. इम्प्लांट गेलं तर एकटं जातं, ब्रिज गेला तर शेजाऱ्यालाही घेऊन जाऊ शकतो.

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू, म्हणजे नकली मूळ, आणि त्यावर कॅप. याचा शोध लागला कसा ते मला फार आवडतं. स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचे संशोधक १९५२ च्या सुमारास हाडातला रक्तप्रवाह बघत होते, त्यासाठी त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवली, काम झाल्यावर काढायला गेले तर निघेना, हाड तिला अक्षरशः चिकटून वाढलं होतं. १९६५ मध्ये योस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या खालच्या जबड्यात त्यांनी पहिल्यांदा असे स्क्रू बसवले आणि २००६ साली तो माणूस वारला तोपर्यंत ते कामात होते. चाळीस वर्षं! पण त्यासाठी हाडाला चिकटायला वेळ द्यावा लागतो, खाली साधारण ३ महिने, वर ४ ते ६, कारण वरचं हाड मऊ असतं. तीन दिवसांत पक्के दात अशा जाहिराती दिसतात, काही ठराविक केसमध्ये लगेच दात बसवता येतातही, पण तुमची केस त्यातली आहे का हे स्कॅन बघितल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही.

आणि हाड. दात काढल्यावर पहिल्या वर्षातच तिथल्या हाडाची रुंदी जवळजवळ निम्म्याने कमी होऊ शकते. म्हणून ‘बघू पुढच्या दिवाळीनंतर’ असं म्हणत पाच वर्षं काढली की मग हाड भरायचं ऑपरेशन आलं, वरच्या दाढांच्या जागी तर वर सायनसची पोकळी असते आणि खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणारी नस जाते, तिथे अंदाजाने चालत नाही, सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा थ्रीडी एक्स-रे, लागतोच. तोवर वरची दाढ खाली उतरायला लागते, मागची पुढे कलते, आणि मग ना ब्रिज सरळ बसत ना इम्प्लांट. दात काढतानाच पुढचं ठरवा, आत्ता करायचं नसलं तरी.

आता काही गोष्टी माझ्यापासून लपवू नका. तंबाखू, सिगारेट, आणि आपल्याकडच्या बायकांची मिश्री. मिश्री लावतो हे कोणी सांगत नाही, कारण ती सवय आहे असं वाटतच नाही, पण त्याने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो आणि इम्प्लांट न धरण्याचा धोका वाढतो. शुगर असेल तर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा रिपोर्ट आणा, शुगर आहे म्हणून इम्प्लांट होत नाही असं नाही, पण ती आटोक्यात पाहिजे. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदा इंजेक्शन घेणाऱ्या आजी असतात, त्यांनी ते आवर्जून सांगायचं, त्या औषधांवर असताना जबड्याची जखम भरायला कधी कधी फार त्रास होतो. आणि रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करून येऊ नका, तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांशी मी बोलते.

मुलांचं वेगळं. सायकलवरून पडून सोळाव्या वर्षी पुढचा दात गेलेला मुलगा आला तर त्याला इम्प्लांट करायचं नाही, जबडा वाढत असतो, बाकीचे दात खाली सरकतात आणि स्क्रू आहे तिथेच राहतो, दोन-चार वर्षांत तो दात आखूड दिसायला लागतो. त्याला मागून पंखासारखा चिकटवायचा मेरीलँड ब्रिज करता येतो, त्यात शेजारचा दात जवळजवळ घासावाच लागत नाही. हा पर्याय तुम्हाला कोणी सांगितला नाही तर तुम्ही विचारा.

खर्च. आमच्या भागात तीन दातांचा ब्रिज १२ ते ३० हजारांत होतो, झिर्कोनियाचा, म्हणजे दातासारख्या पांढऱ्या मजबूत सिरॅमिकचा, असेल तर वर जातो, आणि एक इम्प्लांट कॅप धरून ३० ते ५० हजार. सरकारी डेंटल कॉलेजमध्ये, म्हणजे मुंबईत सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारात आहे, नागपूरला, संभाजीनगरला आहे, तिथे खूप कमी पैशात होतं, फेऱ्या जास्त माराव्या लागतात एवढंच. अगदी मागची शेवटची दाढ गेली असेल आणि बाकी चावणं नीट होत असेल तर काहीच न करणं हासुद्धा पर्याय आहे, हे मी पेशंटला सांगते.

इम्प्लांट केलंत तर स्क्रूच्या डबीवरचं स्टिकर मागून घ्या, कंपनी, साइज, बॅच नंबर त्यावर असतो, दहा वर्षांनी गाव बदललं, डॉक्टर बदलले तर तोच कागद लागतो, नाहीतर कुठला स्क्रू आहे हे शोधण्यातच दिवस जातात. आणि दोन्हींखाली साफ करायचं रोज, ब्रिजच्या खालून सुपरफ्लॉस, म्हणजे दात साफ करायचा जाडसर धागा, ओवून, इम्प्लांटच्या बाजूने बारीक ब्रश घालून. इम्प्लांटला कीड लागत नाही हे बरोबर, पण हिरडी सुजून खालचं हाड झिजतं आणि दुखत नसल्यामुळे कळत नाही.

तिसऱ्या ओळीतल्या आजी मघापासून हात वर करतायत, बोला. ७६ वय, खालची कवळी सैल झालीय, बोलताना उचलते, आता या वयात काय करायचं. आजी, वयाचा अडसर नाही. खालचे सगळे दात गेलेल्यांना समोर फक्त दोन इम्प्लांट बसवून त्यावर कवळी बटणासारखी अडकवता येते, कॅनडात मॉन्ट्रियलला २००२ साली तज्ज्ञ जमले होते तेव्हा त्यांनी खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा असं म्हटलं होतं. रात्री काढून धुवायची, सकाळी टक् करून बसवायची. कडक भाकरी चावेल का? दुधात न कुस्करता खाता यावी यासाठीच तर करायचं. येताना शुगरचा रिपोर्ट, सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि ही कवळी घेऊन या, सूनबाईंना पण आणा, साफ कशी करायची ते दोघींना दाखवते.