कल्याण ते कोटा

(दृश्य : शहाड स्टेशन, सकाळ. लोकलमधून उतरणारी गर्दी, हातात डबे, पाठीला सॅक.)

कल्याण सोडलं की कसाऱ्याच्या बाजूचं पहिलं स्टेशन शहाड. सेंच्युरी रेयॉनचा कारखाना इथलाच. साठच्या दशकात इथे टायर कॉर्डचं सूत काढायचं ठरलं. टायरच्या रबराला आतून धरून ठेवतं ते हे सूत. त्याचं तंत्र कंपनीने हॉलंड आणि पश्चिम जर्मनीतल्या दोन कंपन्यांकडून आणलं, १,४०,००० जर्मन मार्क मोजून. अट अशी, की हे गुपित बाहेर जाता कामा नये आणि कामावरच्या माणसांकडूनही तसं लिहून घ्यायचं.

मार्च १९६३ मध्ये इथे एक शिफ्ट सुपरवायझर लागले. करार पाच वर्षांचा. त्यातले पहिले नऊ महिने शिकण्यात गेले. कराराच्या सतराव्या कलमात लिहिलं होतं, की मुदतीआधी नोकरी सोडली तर उरलेल्या काळात याच धंद्यातल्या दुसऱ्या कंपनीत काम करायचं नाही.

ऑक्टोबर १९६४ मध्ये त्यांनी रजा टाकली. ती मंजूर होण्याआधीच कामावर येणं थांबवलं आणि राजस्थानात कोट्याला नोकरी धरली. तिथेही टायर कॉर्डच. पगार ५६० रुपये, शहाडपेक्षा जास्त. ३१ ऑक्टोबरपासून राजीनामा दिल्याचं त्यांनी नोव्हेंबरमध्ये कळवलं. कंपनीने कळवलं, राजीनामा मंजूर नाही, कामावर या. त्यांचं उत्तर आलं, दुसरी नोकरी लागली आहे.

(दृश्य : कोर्टातल्या जुन्या फायलींचे गठ्ठे.)

प्रकरण कल्याणच्या कोर्टातून हायकोर्टात गेलं आणि तिथून सुप्रीम कोर्टात. १७ जानेवारी १९६७ ला निकाल लागला, कंपनीच्या बाजूने.

तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला त्या सुपरवायझरांबद्दल वाईट वाटलं. आजही वाटतं. चार पैसे जास्त मिळत असतील तर नोकरदार माणसाने तिकडे बघायचंच नाही का? पण निकाल शांतपणे वाचला की दिसतं, मनाई होती ती १५ मार्च १९६८ पर्यंतच, म्हणजे त्यांनी स्वतः कबूल केलेल्या मुदतीपुरती. तीही त्याच प्रकारच्या कामापुरती. वेगळ्या कामाची नोकरी त्यांना धरता येत होती. शहाडला परत या, अशी सक्ती कोर्टाने केली नाही.

आणि मुदत संपल्यावर? तिथे आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान आठवतो. जाहिरातींची कामं बघणाऱ्या कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार २००३ मध्ये संपला. त्यानंतरही दुसरीकडे जाण्याआधी पहिला हक्क आमचा, असं कंपनीचं म्हणणं होतं. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते मानलं नाही. आधार होता १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७. कुणाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द ठरतो, असं ते सांगतं.

मे २०२५ मध्ये बॉन्डचा, म्हणजे ठरलेली वर्षं नोकरी करायची नाहीतर पैसे भरायचे या लेखी अटीचा, प्रश्न सुप्रीम कोर्टात निकाली निघाला. सरकारी बँकेतल्या एका अधिकाऱ्याने तीन वर्षं पूर्ण होण्याआधी दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी राजीनामा दिला होता. दोन लाख रुपये भरायची अट कोर्टाने योग्य ठरवली.

(दृश्य : टेबलावर नेमणुकीचं पत्र. बारीक अक्षरातल्या ओळीवरून सरकणारं बोट.)

म्हणून सही करायच्या आधी ही ओळ वाचा. बॉन्ड किती वर्षांचा, रक्कम किती, नोटीस किती दिवसांची. कंपनीशी प्रामाणिक राहायचं म्हणजे काय, हे निम्मं तरी या कागदावर असतं.

उरलेलं निम्मं कुठल्याच कागदावर नसतं. माझी पहिली नोकरी भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये होती. ड्रॉइंग कसं वाचायचं ते तिथल्या सरांनी मला शिकवलं, शिफ्ट सुटल्यावर थांबून. मी पेपर टाकले ते त्यांना ऑफिसमधून कळलं. बॉन्ड नव्हता, नोटीसचा महिना मी पूर्ण भरला, कायद्याने माझं काहीच चुकलं नव्हतं. शेवटच्या दिवशी त्यांनी खिशातली सहा इंची स्टीलची पट्टी काढून माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "राहू दे तुझ्याकडे. नवीन ठिकाणी पहिल्या दिवशी कोणी देत नाही."

(दृश्य : पट्टी, अगदी जवळून. पहिल्या इंचाच्या रेघा झिजलेल्या.)

मी जातोय हे त्यांना आधी माझ्या तोंडून कळायला हवं होतं. त्यांनी मला अडवलं नसतं.