पोळ्यानंतरचा एक चमचा

नमस्कार, श्रोतेहो.

पोळा होऊन चार दिवस झाले. ढगांची झाकोळ कमी झालीय, दुपारचं ऊन पुन्हा अंगणात उतरायला लागलंय. शेतात कपाशी पात्यांवर आलीय. आणि आपल्या ओट्यावर, खिडकीत, गच्चीच्या कठड्यावर ज्या जाड पानांच्या कुंड्या असतात ना, त्यांतही या दिवसांत नवे कोंब दिसतात. कोरफड, जेड, पानफुटी, कलांचो, स्नेक प्लांट, गुलाबाच्या फुलासारखी पानं मांडणारी एचेवेरिया. नर्सरीवाले या सगळ्यांना सक्युलंट म्हणतात. पानात नाही तर खोडात पाणी साठवून ठेवणारी ही झाडं. त्यांच्या खताबद्दल आज बोलायचंय, कारण खत द्यायला हाच खरा मोसम आहे. आणि आपल्याकडे, जळगाव-धुळे-नंदुरबारमध्ये, बहुतेक लोक ते नेमकं चुकीच्या महिन्यात देतात.

मीही दिलं होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले होते. माझा भाऊ यावल तालुक्यात केळी करतो. ठिबकमधून सोडायचं १९:१९:१९, म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत, त्याच्या शेडमध्ये गोणीनं पडलेलं. मी डबाभर घेऊन आले आणि अकरा कुंड्यांत एकेक चमचा कोरडंच टाकलं, वरून पाणी घातलं. केळीची पानं त्यानं कशी तरारतात ते डोळ्यांनी पाहिलं होतं. आठव्या दिवशी एचेवेरियाची खालची पानं काचेसारखी आरपार दिसायला लागली. बोटानं जरा दाबलं की पाणी. जेडची कुंडी नुसती सरकवली तरी पानं टपटप गळायची. झाड उपसलं तर मुळांची टोकं तपकिरी, जळाल्यासारखी. आमच्या सासूबाई पारोळ्याकडच्या, अहिराणीच बोलायच्या. त्या कुंडीपाशी उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, “लाड करीसन मारी टाकं तू त्याले.” अकरांतल्या चार कुंड्या वाचल्या.

काय झालं होतं, ते नंतर नीट समजलं. रासायनिक खत म्हणजे शेवटी क्षारच. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की त्यांना पाणी सुटतं, तसंच कुंडीतल्या मुळांचं होतं. मातीत क्षार जास्त झाले की मूळ पाणी ओढण्याऐवजी गमावून बसतं. शेतात हे खत मोठ्या जमिनीत पसरतं, जास्तीचं पाण्याबरोबर खाली जातं. सहा इंचांच्या कुंडीत ते जाणार कुठे?

दुसरी गोष्ट महिन्याची. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची बारीक छिद्रं उघडून हवा घेतात. ही झाडं दिवसा ती मिटून ठेवतात आणि रात्री गारव्यात उघडतात, म्हणजे पाणी उडून जात नाही. एचेवेरिया मूळची मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली, जेड दक्षिण आफ्रिकेचं. तिथल्या रात्री गार. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळला पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि रात्री दहा वाजतासुद्धा भिंतीला हात लावला तर ऊब लागते. अशा रात्री झाड छिद्रं उघडायलाही धजत नाही. ते वाढ थांबवून, अंग आवरून बसतं. त्या वेळी दिलेलं खत ते घेतच नाही. खत मातीत साचतं आणि मुळांना जाळतं. थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेलं असतं, ‘वसंतात आणि उन्हाळ्यात खत द्या.’ त्यांचा उन्हाळा म्हणजे आपली दिवाळी, हे ध्यानात घ्या.

म्हणून मी आता सणांवर हिशेब ठेवते. पोळ्यानंतर पहिला हात. मग साधारण महिन्याच्या अंतरानं दिवाळीपर्यंत आणखी दोन. डिसेंबर-जानेवारीत थंडी कडक पडते, तेव्हा काही नाही. फेब्रुवारीत हवा सैल झाली की एक. होळी पेटली की खताची बरणी कपाटात, ती पुन्हा पोळ्यालाच बाहेर. वर्षाकाठी चार वेळा, फार तर पाच. आषाढ-श्रावणात झाड हिरवं दिसतं, द्यावंसं वाटतं, पण माती सतत ओली असते आणि ऊन नसतं. तेव्हा खत घातलं तर झाड उंच, पोकळ आणि लिबलिबीत होतं. त्यावर पिठ्या ढेकूण बसायला वेळ लागत नाही. कापूसवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. युरियाचा हात सैल सुटला की कपाशीवर मावा कसा चढतो ते तुम्ही पाहिलेलंच आहे.

आता प्रमाण. कागद-पेन्सिल जवळ असेल तर लिहून घ्या. दहा लिटरची बादली, त्यात पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ चहाचा एकच चमचा, सपाट, शीग नाही. साधारण पाच ग्रॅम. म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम. पिकावरच्या फवारणीला लिटरला पाच ग्रॅम घेतात, त्याच्या दहावा हिस्सा. एवढं पातळ पाणी पाहून मन भरत नाही, ते मला ठाऊक आहे. तरी वाढवू नका. आदल्या दिवशी कुंडीला साधं पाणी द्या. वाळलेल्या मुळांवर खताचं पाणी कधीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हे पाणी मातीवर ओता, खालच्या भोकातून थोडं बाहेर येईपर्यंत. पानांवर, पानांच्या वाटीत ओतू नका. एचेवेरियाच्या पानावर जी पांढुरकी भुकटी असते ती तिची सावली आहे; तिच्यावर डाग पडला की तो जात नाही. नुकतीच कुंडी बदललेल्या झाडाला दोन महिने काही देऊ नका. युरिया आणि डीएपी या झाडांच्या जवळपासही नको.

कुंडीच्या काठावर, मातीवर पांढरी खरपुडी दिसत असेल तर ते साचलेले क्षार आहेत. खताचे असतील, बोअरच्या जड पाण्याचेही असतील. वरची खरपुडी चमच्यानं खरवडून टाका आणि कुंडीत मावेल त्याच्या तिप्पट-चौपट पाणी हळूहळू ओतून ती धुऊन काढा. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर फारच चांगलं. मग महिनाभर खत नाही.

ज्यांना रासायनिक नको त्यांनी चाळलेलं गांडूळखत घ्यावं. चार इंची कुंडीला एक मोठा चमचा, पोळ्यानंतर एकदा आणि फेब्रुवारीत एकदा, वरच्या मातीत मिसळून. शेणखत असेल तर पूर्ण कुजलेलं, मातीसारखा वास येणारं. कच्चं शेण आलं की मुळं खाणारी हुमणी अळीही येते. आणि आपल्या केळीच्या सालीबद्दल: सालीत पालाश आहे हे खरं. पण साल कुजेपर्यंत तो मुळांना पुरता मिळत नाही, आणि कुंडीत पुरलेल्या सालीवर चिलटं नि मुंग्या जमतात. साली कंपोस्टच्या खड्ड्यात टाका, तिथून आलेलं खत वापरा.

एक मात्र आहे. माती काळी असेल तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. आपली काळी कसदार जमीन कापसाला सोन्यासारखी, पण कुंडीत ती पाणी धरून बसते आणि सुकली की दगड होते. निम्मी जाडी वाळू आणि विटांचा चुरा, निम्म्यात माती आणि गांडूळखत. गिरणेची वाळू धुऊन घेतलीत तर उत्तम.

फुलांचा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो. “कलांचोला कळ्याच येत नाहीत, कोणतं खत देऊ?” दुकानदार ०:५२:३४ ची पुडी देतो. त्यात स्फुरद आणि पालाश आहे, नत्र नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नेहमीच्या एका पाण्याऐवजी, त्याच पातळ प्रमाणात, ते द्यायला हरकत नाही. पण कळी खतानं धरत नाही. कलांचो रात्र मोजतो. दिवाळीच्या सुमाराला रात्री मोठ्या व्हायला लागल्या की त्याला कळ्या सुटतात, आणि ती रात्र सलग अंधाराची लागते. आमच्या शेजारच्या ताईंची कुंडी ओट्यावर, बरोबर ट्यूबलाइटखाली. दोन वर्षं नुसती पानं. आम्ही ती उचलून मागच्या दारी ठेवली, जिथे सकाळचं ऊन लागतं आणि संध्याकाळी सहानंतर दिवा नसतो. दीडेक महिन्यात पानांच्या बेचक्यांतून हिरव्या कळ्यांचे घोस वर आले, मोहरीच्या दाण्याएवढे. ताई रोज सकाळी त्यांना हात न लावता मोजायच्या. खत तेच, पाणी तेच. फक्त दिवा हलला.

फुगीर बुंध्याच्या अडेनियमची रीत या सगळ्यांच्या उलटी आहे. ते पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानाकडचं, त्याला आपलं ऊन मानवतं. थंडीत ते पानं गाळून झोपतं, तेव्हा ना खत ना फार पाणी. फेब्रुवारी-मार्चमध्ये टोकाला नवी पानं फुटली की सुरू करा आणि उन्हाळाभर, होळीनंतरही, महिन्यातून एकदा तेच पातळ पाणी द्या. त्याचा चीक विषारी असतो. छाटणीनंतर हात धुवा, लहान मुलांना लांब ठेवा.

आणि उरलेलं खत. ही पूड हवेतलं पाणी ओढते, दोन पावसाळी दिवसांत तिचा गोळा होतो. घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, वर मोठ्या अक्षरांत ‘खत’ लिहा, आणि बरणी स्वयंपाकघरात ठेवू नका. दिसायला ती मिठासारखीच असते.

नमस्कार.