चार्जर आहे, पण चालू आहे का?

नॉर्वेत 2024 साली विकल्या गेलेल्या नव्या कारपैकी जवळजवळ नव्वद टक्के कार पूर्णपणे विजेवर चालणाऱ्या होत्या. यामागे मोठा काळ आहे. तिथं अशा गाड्यांना खरेदी करात सूट मिळायला 1990 मध्येच सुरुवात झाली. शिवाय तिथल्या बहुतेक गाडीमालकांना घरीच चार्जिंग करता येतं.

ही घरची सोय फार मोलाची. रात्री गाडी लावली, सकाळी बॅटरी भरलेली. पण ज्यांना स्वतःची पार्किंगची जागाच नाही, त्यांनी काय करायचं? त्यांची रोजची भिस्त सार्वजनिक चार्जरवर, आणि धोरणं आखताना सर्वांत आधी विचार व्हायला हवा तो त्यांचाच.

फास्ट चार्जरचं यंत्र बसवणं त्यामानानं सोपं, त्याला पुरेशी वीज पुरवणं अवघड. 150 किलोवॅटचे चार चार्जर एकदम सुरू झाले, की 600 किलोवॅटचा भार पडतो. त्यासाठी ट्रान्सफॉर्मर लागतो, जाड केबल टाकावी लागते, वीज कंपनीची मंजुरी लागते. त्यातच महिनोन्महिने जातात. पुढे गाड्या येवोत न येवोत, बऱ्याच ठिकाणी भारानुसार ठरलेलं वीजशुल्क भरावंच लागतं. त्यामुळे गाड्या कमी म्हणून चार्जर परवडत नाही, आणि चार्जर नाही म्हणून लोक गाडी घ्यायला धजत नाहीत.

आणि जे चार्जर उभे राहिले, ते तरी चालतात का?

2022 मध्ये संशोधकांनी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातले सार्वजनिक फास्ट चार्जर प्रत्यक्ष जाऊन तपासले. साडेसहाशेहून अधिक कनेक्टरपैकी, म्हणजे गाडीला जोडायच्या प्लगांपैकी, 72.5 टक्केच चालू निघाले. कुठे स्क्रीन बंद, कुठे पैसे भरले जात नाहीत, कुठे कनेक्टर तुटलेला. जवळपास 5 टक्के ठिकाणी तर केबल गाडीच्या सॉकेटपर्यंत पोहोचतच नव्हती! बॅटरी संपत आलेल्या माणसाला असा चार्जर नकाशावर दाखवणं म्हणजे त्याची फसवणूकच आहे.

म्हणून ब्रिटनचा 2023 चा नियम महत्त्वाचा वाटतो. फास्ट चार्जरचं जाळं चालवणाऱ्या कंपनीचे चार्जर वर्षभरात सरासरी 99 टक्के वेळ चालू असलेच पाहिजेत, नाहीतर दंड. युरोपीय संघानं मुख्य महामार्गांवर दर 60 किलोमीटरला फास्ट चार्जिंगची सोय बंधनकारक केली आहे.

पार्किंग नसलेल्यांसाठी लंडनमध्ये वेगळी वाट काढली आहे. तिथं रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांतच सॉकेट बसवले आहेत. वेग कमी, पण वीजजोडणी आधीचीच, आणि गाडी रात्रभर तिथंच उभी असते.