शाई फुटू नये म्हणून

(दृश्य: लाकडी टेबल. दोन कागद शेजारी शेजारी. ड्रॉपरमधून दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब.)

डावीकडे टीपकागद. उजवीकडे शाळेच्या वहीचं पान. टीपकागदानं थेंब पडताक्षणी पिऊन टाकला, मागे राहिला एक ओला गोल. वहीच्या पानावरचा थेंब मात्र अजून उभा आहे. फुगीर, खिडकीचा उजेड अंगावर घेऊन, अळवाच्या पानावर असावा तसा.

दोन्ही कागद एकाच घरातले. तोच लगदा, तीच जाळी, तसंच वाळवण. फरक एवढाच, की वहीच्या कागदाच्या लगद्यात काहीतरी मिसळलंय आणि टीपकागदाच्या लगद्यात ते मिसळलेलं नाही. ते नसतं तर तुमच्या आमच्या पहिलीच्या वहीत 'अ'चा नुसता निळा ठिपका उमटला असता. शाई फुटली असती.

(दृश्य: गिरणीतली लांब जाळी. दुधासारखा पातळ लगदा पसरतोय.)

कागद पाण्याशी इतका हळवा का, हे समजायला त्याचा जन्म पाहावा लागतो. जाळीवर येणाऱ्या या लगद्यात शंभरातले नव्याण्णव भाग पाणीच असतं. तंतू त्यात तरंगत येतात, पाणी खाली निथळतं, उरलेलं दाबून आणि तापवून काढलं जातं. पाणी जाता जाता तंतूंना एकमेकांच्या इतकं जवळ ओढतं, की ते आपसूक एकमेकांना धरतात. यात कुठलाही डिंक नाही. तंतू सेल्युलोजचे असतात, सेल्युलोजच्या साखळीला जागोजागी ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या लटकलेल्या असतात आणि शेजारच्या तंतूवरच्या तशाच जोड्यांशी त्यांची गाठ पडते. अशा अगणित नाजूक गाठी म्हणजे कागद.

पण या जोड्यांना शेजारच्या तंतूपेक्षा पाणी जास्त आवडतं. पाणी परत आलं, की त्या तंतूचा हात सोडतात आणि पाण्याचा धरतात. म्हणून पावसात सापडलेली कागदी पिशवी तळातून सुटते. पूर्ण भिजलेल्या साध्या कागदात त्याच्या कोरड्या ताकदीचा दहावा हिस्साही उरत नाही.

(दृश्य: मोडी लिपीतलं जुनं पत्र, अगदी जवळून. तिरपा उजेड. पृष्ठभागावर मंद चकाकी.)

यावरचा आपल्याकडचा जुना उपाय होता खळ. साडीला घालतात तीच. तांदळाची किंवा गव्हाची पेज कागदाच्या दोन्ही अंगांना लावायची, कागद वाळवायचा, मग गुळगुळीत दगडानं घोटायचा. पेज तंतूंमधल्या फटी बुजवायची, घोटाई पृष्ठभाग दाबून बसवायची. मग बोरूनं कितीही भरघोस शाई सोडली तरी ती वरच राहायची.

दौलताबादहून वेरूळकडे जाताना वाटेत कागजीपुरा लागतं. गावाच्या नावातच धंदा आहे. मुहम्मद तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा कागद करणारे कारागीर इथे आले, असं सांगतात. दौलताबादी आणि जुन्नरी ही नावं मराठी दप्तरांत कागदाच्या जाती म्हणून येतात. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत. त्यांतले कितीतरी दोन-अडीचशे वर्षं पुण्याच्या पावसाळ्यांची दमट हवा खात आलेत आणि अजून घडी उलगडून वाचता येतात.

खळीचं वैगुण्यही सांगायला हवं. खळ म्हणजे शेवटी अन्न. कसर तिच्यावर तुटून पडते, बुरशी धरते. दप्तर सांभाळणाऱ्यांचा निम्मा जन्म कसरीशी झगडण्यात जातो, तो या पेजेपायी.

युरोपानं पेजेऐवजी सरस घेतला. इटलीतल्या फाब्रियानो गावचे कागद करणारे कारागीर तेराव्या शतकापासून जनावरांची कातडी आणि खूर उकळून सरस काढत आणि तयार ताव त्या कोमट सरसात बुडवून काढत. कागद दणकट व्हायचा. पण ओले ताव हाताळताना इतके फाटायचे, की सरसाच्या त्या खोलीला कारागीर कत्तलखानाच म्हणत. शिवाय प्रत्येक ताव दोनदा वाळवायचा. एकदा पाण्यातून काढल्यावर आणि पुन्हा सरसातून काढल्यावर.

(दृश्य: राळेचा पिवळसर, पारदर्शक खडा. शेजारी तुरटीचा पांढरा खडा.)

१८०७ साली जर्मनीतल्या एर्बाख गावच्या मोरित्झ फ्रीडरिश इलिग यानं एक पुस्तिका छापली. धंद्यानं तो घड्याळजी, पण घराणं कागद करणाऱ्यांचं. त्याचं म्हणणं साधं होतं. कागद झाल्यावर त्याला सरसात बुडवता कशाला? पाणी अडवणारा पदार्थ लगद्यातच घाला. म्हणजे प्रत्येक तंतू आधीच तयार होऊन जाळीवर येईल.

पदार्थ दोन होते, राळ आणि तुरटी. दोन्ही आपल्या ओळखीचे, म्हणून इथे जरा थांबू या.

राळ म्हणजे चीडाच्या झाडाचा वाळलेला चीक. ती पाण्यात विरघळत नाही, पण कॉस्टिक सोड्याबरोबर शिजवली की तिचा साबण होतो आणि हा साबण लगद्यात सहज पसरतो. आता पंचाईत अशी, की साबण तंतूंना चिकटत नाही. तंतूवर किंचित ऋण विद्युतभार असतो, साबणावरही ऋणच. दोघे एकमेकांना ढकलतात. इथे तुरटी लागते.

गावाकडे पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटीचा खडा फिरवतात. थोड्या वेळानं गाळ खाली बसतो. मातीच्या कणांवर ऋण भार असतो, तुरटीतल्या ॲल्युमिनियमवर धन. तो कणांना एकत्र आणतो आणि जड झालेले कण तळाला जातात. लगद्याच्या टाकीत हेच घडतं. ॲल्युमिनियम एका हातानं राळ धरतो, दुसऱ्या हातानं तंतू. राळेचा साबण फाटतो, जसा जड पाण्यात अंगाचा साबण फाटतो, आणि त्याचे बारीक चिकट कण तंतूवर बसतात. पुढे तापलेल्या रुळांवरून कागद गेला की हे कण मऊ होऊन पसरतात आणि त्यांची पाणी झिडकारणारी बाजू बाहेर येते.

मला ही युक्ती फार देखणी वाटते. झाडाचा चीक झाडाच्याच तंतूवर चढवायचा आणि दोघांत समेट घडवून आणायचा हंड्यातल्या तुरटीनं.

याच सुमाराला कागदाची यंत्रं येत होती. अखंड पट्टा ओतणाऱ्या यंत्राला लगद्यातच मिसळणारी, स्वस्त वस्तू हवी होती. ती आयतीच मिळाली. पुढच्या दीडशे वर्षांत जगातला छपाईचा बहुतेक कागद राळ-तुरटीवर तयार झाला. वर्तमानपत्रं सोडून, कारण त्यांना शाई प्यायलेलीच चालते.

(दृश्य: हातमोजे घातलेली बोटं. जुन्या छापील पुस्तकाच्या पानाचा कोपरा. बोट तो हलकेच दुमडतं.)

हे माझ्या आजोबांचं पुस्तक. १९३८ साली छापलेलं. पानाचा कोपरा एकदा पुढे दुमडला, एकदा मागे. ऐका.

(आवाज: बारीक 'टक्'.)

कोपरा हातात आला. मघाचं मोडी पत्र याच्या दीडशे वर्षं आधीचं होतं आणि त्याच्या घड्या उलगडताना असा आवाज झाला नव्हता.

गिरणीतली तुरटी म्हणजे ॲल्युमिनियम सल्फेट. पाण्यात ते आम्ल तयार करतं. राळ बसायला ते आम्ल लागतंच, त्याच्याशिवाय ही जोडी जमत नाही. पण कागद तयार झाला तरी आम्ल निघून जात नाही. ते तंतूंत बसून सेल्युलोजची लांब साखळी मधेच तोडत राहतं. प्रत्येक तुकड्यासाठी त्याला पाण्याचा एक रेणू लागतो आणि तो दमट हवेतून मिळतो. थेंब अडवला खरा, पण वाफ अडवता येत नाही. म्हणूनच उष्ण, दमट किनाऱ्यावर अशी पुस्तकं कोरड्या, थंड प्रदेशातल्यापेक्षा लवकर म्हातारी होतात. साखळ्या आखूड झाल्या, की कागद दिसायला तसाच राहतो, फक्त वाकत नाही. मोडतो.

जुना कागद पिवळा पडतो तो मुख्यतः लाकडातल्या लिग्निन नावाच्या घटकामुळे. मोडतो तो आम्लामुळे. एकाच पानावर दोन्ही दुखणी दिसतात, म्हणून लोक त्यांना एकच समजतात.

अमेरिकेत रिचमंडच्या विल्यम बॅरो यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला जुन्या पुस्तकांचे कागद तपासून हे आम्लाचं दुखणं सर्वांसमोर ठामपणे मांडलं. आपल्याकडची किती वाचनालयं या कागदावर उभी आहेत, याचा विचार केला की झोप उडते. १८८० ते १९५० या काळातली आपली मासिकं, पहिल्या आवृत्त्या, संस्थांचे अहवाल, गावोगावच्या व्याख्यानमालांच्या पुस्तिका, बहुतेक सगळं राळ-तुरटीचं. हस्तलिखितं जपायला हवीत हे आपल्याला पटलेलं आहे. छापील पुस्तक त्यांच्या आधी जाईल, हे अजून पटलेलं नाही.

(दृश्य: अळवाचं पान, खूप जवळून. पानावर घरंगळणारा थेंब.)

पुढचा मार्ग निघाला तो या पानासारखा. अळवाच्या पानावर मेणाचा सूक्ष्म थर असतो आणि मेणाच्या लांब साखळ्यांना पाणी सहन होत नाही. १९५० च्या दशकात रसायनशास्त्रज्ञांनी कागदाला तशाच साखळ्या लावल्या. पदार्थाचं नाव अल्किल कीटीन डायमर, गिरणीच्या भाषेत एकेडी. तो स्टिअरिकसारख्या मेदाम्लांपासून करतात, म्हणजे मेणबत्ती-साबणाच्या कुळातून. त्याचं एक टोक सेल्युलोजच्या त्या पाणीवेड्या जोडीशी थेट रासायनिक बंध करतं आणि मागच्या दोन लांब शेपट्या मोकळ्या राहतात. एक टन कागदाला एक-दोन किलो पुरतं.

महत्त्वाचं म्हणजे याला तुरटीचं आम्ल लागत नाही. लगदा उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी ठेवता येतो. त्यामुळे कागदात भर म्हणून खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, घालता येते आणि हवेतून पुढे जे काही आम्ल येईल ते ती जिरवत राहते. फार टिकाऊ कागदासाठीचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ९७०६, १९९४ साली आलं. त्यात ही खडूची शिबंदी बंधनकारक आहे. असा कागद वापरलेल्या पुस्तकात वर्तुळातलं अनंताचं चिन्ह छापता येतं. पुढच्या वेळी पुस्तक हातात घ्याल तेव्हा मुखपृष्ठामागचं पान बघा.

(दृश्य: गिरणीची प्रयोगशाळा. धातूचं कडं, मोजपात्र, जड रूळ, घड्याळ.)

गिरणी हे सगळं डोळ्यांनी पारखत नाही, कॉब चाचणीनं मोजते. कागदाचा तुकडा आधी वजन करून घेतात. त्यावर आतून बरोबर १०० चौरस सेंटिमीटरचं कडं घट्ट बसवतात. त्यात १०० मिलिलिटर पाणी ओततात आणि घड्याळ सुरू. ४५ व्या सेकंदाला पाणी उपडं. कडं सोडवून कागद टीपकागदावर. ६० व्या सेकंदाला वर दुसरा टीपकागद आणि १० किलोचा रूळ एकदा पुढे, एकदा मागे. हात दाबायचा नाही, रूळ स्वतःच्या वजनानंच फिरायला हवा. मग पुन्हा वजन. वाढलेले ग्रॅम शंभरानं गुणले, की एका चौरस मीटरनं मिनिटात किती पाणी प्यायलं ते कळतं. लिहिण्याच्या चांगल्या कागदाला हा आकडा वीस-पंचवीसच्या आसपास येतो. हाताळणारा माणूस दिवसभरात अशा कितीतरी चाचण्या करतो आणि पाणी उपडं करायची त्याची लकब रोट्या परतणाऱ्या हातासारखी झालेली असते.

(दृश्य: काचेच्या ग्लासात टी-बॅग.)

आता एक वेगळीच मागणी. टी-बॅगेतून पाणी आत जायलाच हवं, नाहीतर चहा होणार नाही. पण उकळत्या पाण्यात कागद फुटताही कामा नये. इथे राळ नको, एकेडी नको. इथे हवा आहे पाण्याला न सुटणारा टाका. त्यासाठी पॉलिअमाइड-एपिक्लोरोहायड्रिन नावाचं रेझिन लगद्यात घालतात. कागद तापला की हे रेझिन स्वतःशी आणि तंतूंशी बांधलं जातं. पाणी येतं, नाजूक गाठी सोडवतं, पण हे टाके तसेच राहतात. भिजल्यावरही कोरड्या ताकदीच्या १५ टक्क्यांहून जास्त ताकद उरली, तर धंद्यात त्याला ओल-बळकट कागद मानतात.

पँटच्या खिशात राहून धुऊन निघालेली नोट आठवा. कापसाचे लांब तंतू आणि असे टाके, म्हणून ती दोरीवर वाळत घालता येते. असा कागद रद्दीत मात्र अडतो. साध्या पाण्यात त्याचा लगदा होत नाही, गरम अल्कली लागते.

टपरीवरचा कागदी कप या गोष्टीत नाही. त्याला आतून प्लॅस्टिकचं अस्तर असतं. तिथे चहा अडवायचं मुख्य काम ते अस्तरच करतं, कागद त्यामागे झाकलेला असतो.

(दृश्य: पुन्हा ते टेबल. खिडकीतला उजेड सरकलाय.)

टीपकागदावरचा डाग केव्हाच वाळला. वहीच्या पानावरचा थेंब आता बसकट झालाय, कडेनं आक्रसतोय. थोडा हवेत गेला, थोडा अखेर कागदात उतरला. आणि जिथे तो होता, तिथे पानाला बारीकशी सुरकुती आलीय. बोट फिरवलं तर लागते.