बॅकअप आहे, रिस्टोअर कुणी केलंय?

मंडळी, पोस्टग्रेस डेटाबेस वापरणाऱ्यांच्या आपल्या गटाच्या वर्षाचा आढावा घ्यायला मला उभं केलंय. पण बैठका किती झाल्या, हजेरी किती होती हे सगळं मघाशी वाचून झालंय, त्यामुळे त्यात मी पडत नाही. मला एकाच संध्याकाळबद्दल बोलायचंय. त्या दिवशी आपल्याकडे वक्ता नव्हता, स्लाइड नव्हत्या आणि प्रोजेक्टर कपाटातच होता.

कल्पना साधी होती. प्रत्येकाने स्वतःच्या एखाद्या प्रकल्पाचा ताजा बॅकअप आणायचा. ऑफिसचा डेटा आणायचा नाही, हे आपण तीनतीनदा बजावलं होतं. एक कोरं मशीन घ्यायचं आणि त्यावर तो डेटाबेस पुन्हा उभा करायचा, म्हणजेच रिस्टोअर करायचा. मदतीला फक्त आपणच लिहून ठेवलेल्या सूचना. आठवणीतून एकही कमांड द्यायची नाही. रात्री दोन वाजता फोन येईल तेव्हा तुम्ही गावाला गेलेले असाल आणि मशीनसमोर दुसराच कुणीतरी बसलेला असेल, असं धरून चालायचं.

पहिल्या अर्ध्या तासात हसणं-खिदळणं होतं. मग खोली हळूहळू शांत झाली.

आपल्या एका ज्येष्ठ सभासदांची गोष्ट सांगतो. सांगायची परवानगी त्यांनी दिली आहे, नाव मात्र घेत नाही. त्यांचा रोजचा बॅकअप पीजी-डंप या डेटाबेसची प्रत काढणाऱ्या प्रोग्रामने निघतो, तो पाइपमधून, म्हणजे एका कमांडकडून थेट पुढच्या कमांडकडे, डेटा दाबून लहान करणाऱ्या जीझिपला जातो आणि तारखेच्या नावाने फाईल पडते. फोल्डर उघडला तर फायली ओळीने मांडलेल्या, एका दिवसाचाही खंड नाही. त्यांनी सगळ्यात नवी उचलली, उलगडली आणि पीएसक्यूएलला, म्हणजे पोस्टग्रेसला कमांड देणाऱ्या प्रोग्रामला, दिली. क्षणात काम झालं. एरर एकही नाही. टेबलही एकही नाही.

शेजारी बसलेल्या मुलीने फाईलचा आकार बघायला सांगितला. 20 बाइट. आदल्या दिवशीची? 20 बाइट. त्याच्या आदल्या दिवशीची? तीही तेवढीच. जीझिपला आत काहीच मिळालं नाही तरी तो नियमाप्रमाणे वेष्टन तयार करतो, आणि रिकाम्या वेष्टनाचं वजन 20 बाइट भरतं. झालं होतं असं, की सर्व्हरची आवृत्ती वाढवली होती आणि पीजी-डंप जुनाच राहिला होता. आपल्यापेक्षा नव्या सर्व्हरचा डंप काढायला तो साफ नकार देतो. पण पाइपलाइनचा निकाल शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्राम, ठरवतं ते शेवटच्या कमांडवरून, आणि शेवटचा जीझिप तर यशस्वी! स्क्रिप्टमध्ये पाइपफेल, म्हणजे मधली कमांड फसली तरी निकाल अपयशी धरायचा पर्याय, लावलं असतं तर पहिल्याच रात्री बोंब झाली असती. एरर क्रॉनच्या, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, मेलमध्ये रोज येत होती म्हणे. ती मेल पेटी शेवटची कुणी उघडली होती, ते विचारू नका.

यावर कुणी नाकं मुरडू नयेत. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या कोड ठेवायची सेवा देणाऱ्या कंपनीत काय झालं ते आठवा. रेप्लिका, म्हणजे मुख्य डेटाबेसची जोडप्रत, नीट चालत नव्हती म्हणून एक इंजिनिअर तिची डेटा डिरेक्टरी साफ करायला गेला आणि कमांड दिली ती प्रायमरीवर, म्हणजे मुख्य डेटाबेसवर. चूक लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबी गेलं होतं. मग बॅकअप शोधायला गेले. इथेही सर्व्हर 9.6 चा आणि पीजी-डंप 9.2 चा, त्यामुळे डंप निघतच नव्हते. अपयशाच्या मेल जात होत्या, पण डीमार्कच्या, म्हणजे खोट्या मेल ओळखण्याच्या, नियमात न बसल्याने समोरचा सर्व्हर त्या परत फिरवत होता. वाचवलं कुणी, तर काही तास आधी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने, म्हणजे डेटाच्या त्या क्षणीच्या प्रतीने. हे आपल्याला इतक्या बारकाईने माहीत आहे, कारण त्यांनी स्वतःच सगळं मांडलं, दुरुस्ती तर यूट्यूबवर थेट दाखवली. माझ्या मते त्या दोन दिवसांत त्यांनी आपल्या धंद्याला जे शिकवलं, ते वर्षभराच्या परिषदांत मिळत नाही.

त्या संध्याकाळी बाकीच्यांचंही काही ना काही निघालंच. एकीचा डेटा पूर्ण परत आला, पण अॅप लॉगिनच होईना. एका डेटाबेसच्या डंपमध्ये रोल, म्हणजे लॉगिन करणारी खाती, येत नाहीत, ते पीजी-डंपऑलने वेगळे काढावे लागतात. एकाची बॅकअपची फाईल एन्क्रिप्ट केलेली होती, आणि किल्ली? ज्या सर्व्हरचा बॅकअप, त्याच सर्व्हरवर. तिजोरीची चावी तिजोरीत ठेवल्यासारखं.

असे गट काही आपण शोधून काढलेले नाहीत. 1955 मध्ये आयबीएमचं 704 मशीन घेणाऱ्यांनी ‘शेअर’ नावाचा गट काढला, तोही मशीन हातात पडण्याआधी. तेच तेच प्रोग्राम प्रत्येकाने वेगळे लिहीत बसू नये, एवढाच मतलब. आजच्या टेबलवाल्या डेटाबेसचा पाया असलेला, एडगर कॉडचा रिलेशनल मॉडेलवरचा निबंध आला 1970 मध्ये. म्हणजे आपल्या डेटाबेसआधी आपल्यासारखे गट होते. तेव्हा टेपा वाटल्या जायच्या. आज कोड कुठेही मिळतो, म्हणून कोड वाटण्यासाठी जमायची गरज उरलेली नाही. 20 बाइटची फाईल मात्र कुणी आपणहून दाखवत नाही, त्यासाठी ओळखीची माणसं लागतात.

म्हणूनच कंपन्यांच्या प्रॉडक्टचे डेमो कमी करावेत असं मला वाटतं. कार्यकारिणीत यावर मतभेद आहेत, हॉलचं भाडं कुणीतरी भरावं लागतं हेही खरं.

आता पुढचं. पोस्टग्रेसची 13 वी आवृत्ती नोव्हेंबर 2025 मध्ये सपोर्टबाहेर गेली, तिच्यावर अजून कुणी असेल तर मला गाठा. 18 व्या आवृत्तीवर जाणाऱ्यांसाठी एक सुखद गोष्ट: आवृत्ती बदलून देणारं पीजी-अपग्रेड आता प्लॅनरची, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाची, आकडेवारीही बरीचशी सोबत आणतं, त्यामुळे अपग्रेडनंतर ती आकडेवारी नव्याने गोळा करणारं अॅनालाइझ होईपर्यंत क्वेरी रांगत बसण्याचा त्रास बराच कमी होईल.

पुढच्या महिन्यात लॉकची, म्हणजे टेबल वापरायला मिळावं म्हणून थांबलेल्या कमांडची, रांग मुद्दाम घडवून बघायची आहे. एक लांबलचक रिपोर्ट चालू ठेवायचा आणि त्याच टेबलवर त्याची रचना बदलणारं अल्टर द्यायचं. अल्टर रिपोर्टच्या मागे थांबतं, ते समजण्यासारखं आहे. पण त्यानंतर आलेले साधे, नुसते वाचणारे सिलेक्टही अल्टरच्या मागे थांबतात, इथे घोडं पेंड खातं. सर्व्हर मोकळा, सीपीयू निवांत आणि साइट ठप्प! मग लॉक-टाइमआउट, म्हणजे लॉकसाठी थांबायची मर्यादा, दोन सेकंदांचा लावून तेच परत करायचं. अल्टर आपणहून माघार घेतं आणि रांग वाहती होते. डोळ्यांनी बघितलं की विसरत नाही.

रिस्टोअरचा प्रयोग सहा महिन्यांनी पुन्हा आहे. ज्येष्ठ सभासदांनी ती 20 बाइटची फाईल पुसलेली नाही. नवीन कुणी गटात आलं की ते लॅपटॉप फिरवून ती दाखवतात आणि गंभीर चेहऱ्याने विचारतात, “सांगा बघू, हिच्यात किती टेबलं असतील?”