लिटमस आणि ‘उदासीन’ क्षार

श्रोतेहो, निळा लिटमस आम्लात तांबडा होतो, तांबडा लिटमस आम्लारीत निळा होतो आणि क्षाराच्या द्रावणात दोन्ही जसेच्या तसे राहतात, हे आपण सर्वांनी शाळेत घोकलेले आहे. यातील पहिल्या दोन विधानांविषयी माझी काही तक्रार नाही. तिसरे मात्र अर्धेच खरे आहे, आणि आज मी मुख्यतः त्याच्याविषयीच बोलणार आहे.

लिटमस हा रोसेलासारख्या लायकेनपासून मिळणारा रंग. आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल हेही लायकेनच, मात्र निराळ्या जातीचे. वनस्पतिज रंगांवरून आम्ले ओळखण्याची पद्धत जुनी आहे. रॉबर्ट बॉइल यांनी १६६४ साली प्रसिद्ध केलेल्या रंगांविषयीच्या ग्रंथात तिचे प्रयोग दिलेले आहेत. लिटमसमधील रंगद्रव्ये ही स्वतःच सौम्य आम्ले असतात: रेणूला हायड्रोजन आयन जोडलेला असेपर्यंत ती तांबडी दिसतात आणि तो सुटला की निळी. हा बदल एका ठरावीक बिंदूवर होत नाही. सामू (pH, म्हणजे द्रावण किती आम्ल किंवा आम्लारीधर्मी आहे हे दाखवणारा आकडा) साधारण ४.५ पासून ८.३ पर्यंत चढत जाईल तसतसा रंग तांबड्याकडून जांभळ्यावरून निळ्याकडे सरकतो.

आता एक शंका साहजिकच येईल. उदासीन द्रावणात लिटमसचा रंग जांभळा असायला हवा, तर मग मिठाच्या पाण्यात निळा कागद निळा आणि तांबडा कागद तांबडा का राहतो? याचे उत्तर कागदाच्या घडणीत आहे. निळ्या कागदात अल्काचा (पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीचा) आणि तांबड्या कागदात आम्लाचा किंचित अंश मुद्दामच ठेवलेला असतो, आणि मिठाच्या पाण्यापाशी तो अंश मोडून काढण्याइतके हायड्रोजन आयन देण्याघेण्याचे सामर्थ्य नसल्यामुळे कागद आपापला रंग राखून राहतात. म्हणूनच एकाच कागदाने परीक्षा पुरी होत नाही. निळा कागद निळाच राहिला, तर द्रावण आम्लारीधर्मी असेल किंवा उदासीन. यांपैकी कोणते, हे तांबडा कागदच सांगू शकतो.

मीठ किंवा सोरा हे तीव्र आम्ल आणि तीव्र अल्क यांच्यापासून बनलेले क्षार असल्यामुळे त्यांची द्रावणे उदासीन असतात. धुण्याचा सोडा हाही क्षारच, पण त्याच्या पाण्यात तांबडा कागद झटकन निळा होतो, कारण त्यातील कार्बोनेट आयन पाण्याकडून हायड्रोजन आयन काढून घेतो आणि मागे हायड्रॉक्साइड उरते. उलट तुरटीच्या पाण्यात निळा कागद स्पष्ट तांबडा होतो. तेथे ॲल्युमिनियमच्या आयनाभोवती घट्ट धरलेले पाण्याचे रेणूच हायड्रोजन आयन सोडतात. मोरचुदाचेही तसेच. तेव्हा क्षार उदासीन आहे की नाही, हे तो ‘क्षार’ आहे एवढ्यावरून ठरत नाही. तो कोणत्या आम्लापासून आणि कोणत्या आम्लारीपासून बनला, हे पाहावे लागते. पाठ्यपुस्तकांनी हे पहिल्याच धड्यात सांगायला हरकत नव्हती, असे माझे मत आहे.

शेवटी नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, घेऊ. त्याच्या द्रावणाचा थेंब काचकांडीने निळ्या कागदावर ठेवला, तर तुरटीइतका लख्ख नव्हे, पण तांबूस डाग उमटतो. अमोनियम आयन थोडासा हायड्रोजन आयन पाण्याला देतो. आता तोच नवसागर विझवलेल्या चुन्याबरोबर परीक्षानळीत किंचित तापवावा आणि ओला केलेला तांबडा कागद नळीच्या तोंडाशी, काचेला न टेकवता धरावा. नाकाला झोंबणारा वास येतो आणि कागद निळा होतो, कारण बाहेर पडणारा अमोनिया कागदातील पाण्यात विरघळून आम्लारीधर्मी द्रावण तयार करतो. कागद ओला करायला विसरू नये. हाच कागद नंतर मोकळ्या हवेत राहू दिला, की अमोनिया उडून जातो आणि निळा रंग ओसरून पुन्हा तांबडा दिसू लागतो.